जर्मनची होडी

आमच्या घरात ॲल्युमिनियमला कधी ॲल्युमिनियम म्हटलं गेलं नाही. त्याला 'जर्मन' म्हणत. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. आजीच्या लेखी धातूंची एक ठरलेली उतरंड होती. सोनं अंगावर, चांदी देव्हाऱ्यात, तांबं-पितळ पाहुण्यांसमोर आणि जर्मन मोरीत. लग्नात कुणी जर्मनचं भांडं आहेर म्हणून दिलं, की त्या घरच्या पुढच्या कार्याला आमच्याकडून फक्त आशीर्वाद जात.

त्यामुळे माझ्या मेहुण्याने मिनेसोटाहून फोन करून "मी ॲल्युमिनियमची बोट घेतोय," असं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो हा : "का रे? नोकरी गेली की काय?"

मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. मिनियापोलिसजवळ राहतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. मिनेसोटा हे अमेरिकेतलं तळ्यांचं राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. खरा आकडा जास्त असून कमी दाखवणारं सरकार मी नोकरीच्या वीस वर्षांत पाहिलेलं नाही. आमच्याकडे मार्चअखेरीस आकडे नेहमी दुसऱ्या बाजूला घसरतात.

तर बोटीचं कारण होतं तात्या. तात्या म्हणजे माझे सासरे. वय एक्क्याऐंशी, मालवणच्या बाजूला हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तात्यांचं बोलणं आटलं. विचारलं तर उत्तर देत, पण आपण होऊन एक शब्द नाही. गणिताच्या मास्तरांना शोभेल असंच ते होतं. प्रश्न असेल तरच उत्तर. पण घरात दिवसभर प्रश्न तरी किती विचारणार? "तात्या, चहा हवा?" "तात्या, पंखा लावू?" यापलीकडे आमचा अभ्यासक्रम जात नव्हता.

मेहुण्याच्या डोक्यात आलं की तात्यांना एक उन्हाळा इकडे आणावं. तरुणपणी ते खाडीवर गळ टाकून तासन् तास बसत. इथे तळी आहेत, मासे आहेत, फक्त बोट हवी. तात्यांना एकट्याने विमानात बसवणं शक्य नव्हतं, म्हणून सोबत आमची ही आणि ओझं उचलायला मी. बँकेत माझ्यावाचून किती अडतं, हे मी साहेबांकडे पाच आठवड्यांची रजा मागितली तेव्हा कळलं. साहेब म्हणाले, "सहा घ्या ना."

मेहुण्याच्या घरी पोचलो त्या रात्रीच त्याने माझ्यापुढे एक तक्ता टाकला. आडवे तेवीस रकाने, उभ्या अकरा बोटी. लांबी, रुंदी, काठाची उंची, पत्र्याची जाडी, इंजिनाची ताकद, पेट्रोलची टाकी, जिवंत मासे ठेवायची टाकी, गळाच्या काठ्या ठेवायचं कपाट. "भाऊजी, तुम्ही कॉमर्सवाले. जरा नजर टाका," म्हणाला. बी.कॉम. माणसाला या जगात कुणीही कसलाही तक्ता तपासायला देतो. चार्टर्ड अकाउंटंटला त्याचे पैसे मिळतात, एवढाच काय तो फरक.

मला बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एखादं खातं समजत नसलं की कारकुनाने काय करावं, हे मला माहीत आहे. मागच्या नोंदी काढाव्यात. विमानप्रवासाने झोपेचं गणित बिघडलं होतंच. तेव्हा रोज पहाटे तीनला उठून मी मेहुण्याच्या टेबलाशी बसून या जर्मनच्या होडीचं जुनं खातं उपसू लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आजीने घातलेलं नाव अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने हा धातू प्रथम, अशुद्ध रूपात, मिळवला आणि १८२७ साली तो भुकटीच्या रूपात वेगळा काढला तो फ्रीडरिश व्होलर या जर्मनानेच. पण पुढच्या नोंदीने मात्र आजीची उतरंड पार उलटी केली. पुढे १८५४ मध्ये फ्रान्सच्या सेंट-क्लेअर देव्हिलने जरा बऱ्या प्रमाणात तो काढायची रीत शोधली, तरी भाव असा की दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ॲल्युमिनियमच्या लगडी दागिन्यांसारख्या मांडून ठेवल्या होत्या. तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीत खाशा पाहुण्यांना म्हणे ॲल्युमिनियमचे काटे-चमचे मिळत आणि बाकीच्यांना सोन्याचे! आमची आजी त्या पंगतीत असती, तर अपमान समजून पानावरून उठली असती.

१८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाचं बांधकाम पुरं झालं. त्याच्या टोकावर शंभर औंसांचा ॲल्युमिनियमचा कळस बसवला. तेव्हा या धातूचा भाव चांदीच्या आसपास होता. कळस वर चढवण्याआधी तो टिफनीच्या दुकानात मांडला होता आणि लोक त्यावरून उडी मारून जात. कशासाठी? तर पुढे सांगता यावं, "मी वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावरून उडी मारली!" माणसं सगळीकडे सारखीच.

आणि दोनच वर्षांत भाव कोसळला. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांचं नावही माहीत नसताना, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढायची तीच रीत शोधून काढली. दोघांचा जन्म १८६३चा, शोध लागला तेव्हा दोघेही विशीतले आणि दोघेही वारले १९१४ साली. ताळेबंदाच्या दोन बाजू इतक्या चोख जुळलेल्या मी फार क्वचित पाहिल्या आहेत. आमच्या शाखेत असं झालं असतं तर साहेबांना संशय आला असता.

धातू स्वस्त झाला तसा तो पाण्यात उतरला. पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचा म्हटल्यावर कुणालाही होडीचीच आठवण येणार. झ्युरिकच्या एश्शर व्हिस कारखान्याने अल्फ्रेड नोबेलसाठी 'मिन्याँ' नावाची ॲल्युमिनियमची नौका बांधली, ती १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला. डायनामाइट शोधलेल्या माणसाला आपल्याखालचा पत्रा पातळ आहे की जाड, याची फिकीर नसावी. मग १८९५ साली अमेरिकेत हेरशॉफ यांनी 'डिफेंडर' नावाची शर्यतीची शिडाची बोट बांधली. पाण्याखालचा भाग काशाचा, वरचा ॲल्युमिनियमचा, सांगाडा पोलादाचा. बोटीने अमेरिका चषक जिंकला खरा. पण खाऱ्या पाण्यात हे तीन धातू एकत्र आले की त्यांची भांडाभांडी सुरू होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. बोट कुरतडली जाऊ लागली आणि १९०१ साली ती मोडीत निघाली. चिंचेची आमटी जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये, हे आमच्या आजीला कुठल्याही चषकाशिवाय कळलं होतं. खाऱ्या पाण्याला दाद न देणारे, मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू त्यानंतर आले. आजच्या बोटींचा पत्रा त्यांचाच असतो.

आता इंजिनाची नोंद. तिच्यात प्रेमप्रकरण आहे, म्हणून ती मी दोनदा वाचली. नॉर्वेत जन्मलेला ओले एव्हिनरूड हा मिलवॉकीचा कारागीर. एका उन्हाळ्यात तो आपल्या बेसबरोबर विस्कॉन्सिनमधल्या ओकाउची तळ्यावर सहलीला गेला. बेसला आइस्क्रीम हवंसं वाटलं. ओलेने वल्ही मारत तळं ओलांडलं, आइस्क्रीम घेतलं आणि वल्ही मारत परत आला. तोवर आइस्क्रीमचं दूध झालं होतं. आपल्यापैकी कुणी असता तर "पुढच्या वेळी बर्फी आणतो" म्हणून गप्प बसला असता. ओलेने मात्र होडीच्या मागे अडकवायचं इंजिन बनवलं आणि १९०९ पासून ते विकायला काढलं. जाहिरात बेसनेच लिहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं : वल्ही द्या फेकून! पुढे बेसच्या प्रकृतीसाठी त्याने धंदा विकला आणि १९२१ साली पुन्हा उतरला तो ॲल्युमिनियम वापरून केलेलं हलकं इंजिन घेऊन. म्हणजे तळ्यावर आधी जर्मनचं इंजिन आलं, जर्मनची होडी मागाहून.

ती आली ती स्वयंपाकघरातून निघून, लढाई करून. १९४० साली इंग्लंडमध्ये लॉर्ड बीव्हरब्रुकने गृहिणींना आवाहन केलं की तुमची ॲल्युमिनियमची पातेली द्या, आम्ही त्यांची विमानं करतो. १९४१च्या जुलैत अमेरिकेतही तशीच भांडी गोळा झाली. मग लढाई संपली. विमानांच्या मागण्या रद्द झाल्या. हाती उरला पातळ पत्रा ठोकून, रिव्हेट मारून पाणी न गळेल असं काहीही बनवू शकणारा कामगारवर्ग. ग्रमन कंपनी लढाईत आरमारासाठी 'हेलकॅट' विमानं बनवत होती. तिचे एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ साली ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात सहलीला गेले. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना लाकडी कनू डोक्यावर वाहून वाहून त्यांची मान मोडायची वेळ आली. परत आल्यावर त्यांनी कंपनीला सांगितलं की हीच वस्तू आपल्या पत्र्याची करा. १९४५ पासून ग्रमनच्या कनू निघू लागल्या. पत्र्याची दोन अर्धुकं दाबून आकार द्यायचा आणि मधोमध जोडायची. करंजीच म्हणा ना.

मिनेसोटाने मग मागे राहायचं कारणच नव्हतं. मिनियापोलिसला फ्लावर सिटी नावाचा इमारतींचं नक्षीदार लोखंडकाम करणारा जुना कारखाना होता. त्याने १९४६च्या सुमारास 'ॲल्युमाक्राफ्ट' होड्या काढल्या. न्यू यॉर्क मिल्स नावाच्या लहानशा गावात हॉवर्ड लुंड यांनी १९४८ साली त्याच धंद्यात पाऊल टाकलं. ज्या धातूच्या चमच्याने राजे जेवले, त्या धातूच्या बोटीत मिनेसोटाचा सुतार, गवंडी, शाळामास्तर गळ टाकून बसू लागला. लाकडी होडीला दर वर्षी रंग, डांबर, दुरुस्ती. हिला काही नको. हिवाळ्यात अंगणात पालथी टाकायची, उन्हाळ्यात सुलटी करायची.

इतकं झाल्यावर मला वाटलं, आपण आता बोटीतले तज्ज्ञ झालो. शनिवारी मेहुण्याने आम्हा सगळ्यांना बोटीच्या दुकानात नेलं आणि तो भ्रम गेला. दुकान कसलं, माळच तो. चाकांच्या गाड्यांवर पन्नास-साठ बोटी. सोळा-सतरा फुटी बोटींची एक सबंध रांग. माणसांनी शिडी लावून वर चढायचं, बोटीत बसायचं आणि कोरड्या जमिनीवर समोर बघत राहायचं. आमच्याआधी एका बोटीत एक म्हातारं जोडपं असं दहा मिनिटं बसलं होतं. उतरताना दोघं ताजीतवानी दिसत होती.

दुकानदार सज्जन होता. पत्र्याचं त्याने पाच मिनिटांत संपवलं. तळ सपाट असेल तर उथळ, शांत पाण्याला बरी. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर वारा सुटला की खोल 'व्ही' आकाराचा तळ हवा, तो लाट चिरतो. जोड रिव्हेटचे असतात किंवा वेल्डिंगचे. दोन्हीकडचे भक्त एकमेकांना पाण्यात पाहतात. तात्यांनी रिव्हेटच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे होडी सुंभान शिवतत. हेंनी खिळे मारले."

आपण होऊन उच्चारलेली दोन वाक्यं! हिने माझ्या कोपराला असा चिमटा काढला, की तो डाग परतीच्या विमानात होता.

खरा घोळ पुढे होता. बोटीचा सांगाडा दीड-दोन प्रकारचा. पण आतली मांडणी म्हटली की प्रत्येकाचा संसार निराळा. सगळ्यांत जुनी मांडणी म्हणजे आडव्या फळ्या. तीन फळ्या, झालं. मग त्यांतून तीन घराणी निघाली. एक दांड्याची बोट. तिला 'टिलर' म्हणतात. चालवणारा अगदी मागच्या कोपऱ्यात बसतो आणि इंजिनाचाच दांडा हातात धरून बोट वळवतो. दुसरं साइड कन्सोल. उजव्या बाजूला एक छोटं टेबल, त्याला मोटारीसारखं चाक. तिसरं घराणं फुल विंडशील्डचं. दोन बाजूंना दोन टेबलं, वर या काठापासून त्या काठापर्यंत काच, मधून जायला वाट. वारा लागत नाही, पाणी उडत नाही. पण निम्मी जागा त्यातच जाते.

शिवाय नाळेकडचा भाग. तिथे उंच चौथरा असतो, त्यावर उभं राहून गळ फेकायचा. हेही खातं जुनं आहे. १९३४ साली फार्गोच्या श्मिट नावाच्या गृहस्थांनी विजेवर चालणारी छोटी, आवाज न करणारी मोटर काढली. मिनेसोटा आणि डकोटाच्या सीमेवरचं गाव म्हणून तिचं नाव 'मिन कोटा'. १९५९च्या सुमारास कार्ल लोरन्स यांची 'हिरवी पेटी' आली. ती पाण्याखालचा मासा दाखवते. मग १९६७ साली रे स्कॉट यांनी बास माशांच्या बक्षिसी स्पर्धा सुरू केल्या. स्पर्धा आली तशी घाई आली. घाईबरोबर मोठं इंजिन, दोन चौथरे, आणि १९७२ नंतर मासा मोजून जिवंत सोडायची पद्धत आली म्हणून त्याच्यासाठी खेळत्या पाण्याची टाकी. १९७८ साली जॉनी मॉरिस यांनी बोट, इंजिन आणि ओढायची गाडी असं सगळं एका किमतीत 'बास ट्रॅकर' म्हणून विकायला काढलं. म्हणजे दागिने आणि बस्त्यासकट नवरीच.

मेहुण्याचं मन बसलं होतं ते फुल विंडशील्डच्या, पुढे-मागे चौथरे असलेल्या बोटीवर. तक्त्यात तिला सर्वाधिक गुण होते. चौथऱ्यांवर दोन उंच, गोल फिरणाऱ्या खुर्च्या. माशांची टाकी तर अशी की आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीतली मोरी तिच्यापुढे लहान. दुकानदार माहिती देत होता. मी बाहेरून ती सरकारी पाटी वाचत होतो. १९७१च्या कायद्यानंतर तिथे वीस फुटांखालच्या बोटींवर अशी पाटी लागते. माणसं किती, वजन किती, इंजिन किती ताकदीचं. 'पाच माणसं' असं लिहिलं होतं. खाली मेहुण्याने सांगितलं की फळ्यांखाली फोम भरलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी बुडत नाही. माझं समाधान झालं. तारण भक्कम होतं.

एवढ्यात तात्यांनी विचारलं, "मी खंय बसतलंय?"

प्रश्न साधा होता. मेहुणा म्हणाला, "कुठेही बसा ना, तात्या. पाच सीटा आहेत." आणि मग त्याने मोजल्या. दोन चौथऱ्यांवरच्या. तिथे चढायचं तर गुडघ्याएवढी पायरी. तात्यांचे गुडघे दोन्ही संपावर. दोन काचेमागच्या. तिथे बसलं की समोर काच, बाजूला टेबल, गळ टाकायचा तर उठून उभं राहायला हवं. पाचवी मागच्या झाकणावरची, उघडून बसायची, पाठ टेकायला नाही. तेवीस रकान्यांत माशांना बसायच्या जागेचा रकाना होता. तात्यांच्या जागेचा नव्हता.

मला आमच्या शाखेची आठवण झाली. मध्यंतरी शाखेचं नूतनीकरण झालं. काच आली, एसी आला, टोकन यंत्र आलं. नकाशा मुख्य कचेरीतून मंजूर होऊन आलेला, त्यावर आमच्या सगळ्यांच्या सह्या. मीही केली. एक तारखेला पेन्शनर मंडळी आली आणि दारातच घुटमळली. भिंतीकडेचं लांब बाक गेलं होतं. नकाशात ते कुणाला दाखवायचं सुचलंच नव्हतं. एक आजोबा मला म्हणाले, "साहेब, पैसे राहू द्या, आधी बसायचं कुठं ते सांगा." मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि दिवसभर उभ्याने काम केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी टोकन यंत्राकडे बोट दाखवलं होतं.

म्हणून त्या दिवशी त्या माळावर मी आयुष्यात प्रथमच मेहुण्याला सल्ला दिला. म्हटलं, "तक्ता राहू दे. आधी एक माणूस बसव आणि मग त्याच्याभोवती बोट शोध."

मग मेहुण्याने खरंच तसं केलं. तात्यांना हाताला धरून एकेका बोटीत चढवलं. शिडी चढ-उतर करून शेवटी दमलो मी. साडेतीन तासांनी उरली ती सोळा फुटी, खोल तळाची, दांड्याची बोट. चाक नाही, काच नाही. चौथरा फक्त नाळेकडे, तोही ठेंगणा. मधला भाग मोकळा आणि सपाट. काठ बसलेल्या माणसाच्या काखेशी येईल इतका उंच, म्हणजे धरायला आधार. मधोमध एक खुर्ची, ती ठेंगणी करून घेता येत होती आणि गोल फिरत होती. किंमतही तक्त्यातल्या पहिल्या बोटीहून बरीच कमी. ते ऐकून मला झालेला आनंद मी बँकेच्या शिस्तीत आत ठेवला. मेहुण्याचा चेहरा मात्र थोडा पडला. चाक धरून ऐटीत बोट चालवण्याचं त्याचं फार दिवसांचं स्वप्न होतं. दुकानदाराने त्याला समजावलं की वॉलआय नावाच्या माशामागे लागलेले इथले जुने खेळिये दांड्याचीच बोट पसंत करतात आणि ती उलटी, मागच्या बाजूने, हळूहळू चालवत गळ ओढतात. "उलटी?" मी विचारलं. "उलटी," तो म्हणाला. सरकारी बँकेत काम केलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

पुढच्या रविवारी पहाटे बोट पाण्यात उतरली. तात्यांनी लाइफ जॅकेट घातलं, त्यावर शाल आणि डोक्याला माकडटोपी. खिशात परराज्यातल्या माणसाने काढायचं मासेमारीचं लायसन. मालवणच्या खाडीने त्यांना साठ वर्षांत लायसन विचारलं नव्हतं. मी पुढे, ही माझ्यामागे, मध्ये तात्या, मागे दांडा धरून मेहुणा. तळं काचेसारखं. लांबवर लून पक्षी ओरडत होते. ते ओरडणं ऐकून माणसाला उगाच आपण कुणाचे तरी पैसे देणं लागतो असं वाटतं.

तात्या थोडा वेळ पुढे पाहत बसले. मग त्यांनी काठ धरला, पाय उचलले आणि खुर्ची गर्रकन फिरवली. आमच्याकडे पाठ, मुलाकडे तोंड.

"तात्या, बोट तिकडे चाललीय. पुढे बघा ना," मेहुणा म्हणाला.

"खंय जातंव ता तू बघ," तात्या म्हणाले. "मी तुका बघतंय."

मग जरा वेळाने, कुणी काही न विचारता, ते सांगू लागले. लग्नानंतर सासूबाईंना माहेरी पोचवायला ते खाडी ओलांडून होडी घेऊन जात. "तुझी आवस समोर बसायची. वल्हवतलो तेका पुढचा दिसणा नाय. समोरचा माणूस दिसता."

माझ्या पहाटेच्या सगळ्या नोंदींत ही एक नोंद राहून गेली होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं. ओकाउची तळ्यावर ओले बेसला घेऊन निघाला असेल तेव्हा त्याला तळं दिसलंच नसेल, बेस दिसली असेल. मग इंजिन आलं आणि चालवणारा मागे जाऊन बसला. त्याला इतरांच्या पाठी दिसू लागल्या. मग चाक आलं, काच आली, आणि सगळे मोटारीतल्यासारखे एकाच दिशेला तोंड करून बसले. बोटीचा वेग वाढत गेला आणि माणसांची तोंडं फिरत गेली. प्रत्येक सुधारणा आपापल्या जागी बरोबरच होती. आइस्क्रीम वितळून चालत नाही, हे मलाही मान्य आहे. फक्त या सगळ्यात मध्ये एक फिरती खुर्ची हवी. ती कुणी काढली, तिची नोंद मला कुठे मिळाली नाही. मिळाली तर तिला पदक द्यायला मी तयार आहे, जर्मनचं का होईना.

त्या दिवशी एक वॉलआय लागला. मेहुण्याने पट्टीने मोजला, नियमात बसला. संध्याकाळी हिने तो रवा लावून तळला. तात्यांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून.

"गोड्या पाण्यातलो मासो," तात्या म्हणाले. "चव नाय तेका."

आणि त्यानंतर पाऊण तास ते आपण होऊन बोलत होते. अमेरिकेचे मासे, अमेरिकेचा रवा, अमेरिकेतली तिरफळं, आणि ती तिथे मिळत नाहीत याबद्दल सरकारचं धोरण. मेहुणा ताटावर मान घालून ऐकत होता. मध्येच उठून त्याने भिंतीवर टांचलेला तो तेवीस रकान्यांचा तक्ता काढला, घडी केली आणि माशाचे काटे त्यात गुंडाळून टाकले.

परत आल्यावर मी बँकेत एक अर्ज केला. विषय : शाखेत पेन्शनरांसाठी बाक ठेवणेबाबत. अर्ज वर गेला आहे. वरून तूर्तास एवढीच चौकशी आली आहे, की बाक लाकडाचं हवं की ॲल्युमिनियमचं.